लिहून दिलं होतं का?

माझे अब्बा टेम्पो चालवायचे. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्यांवर राबून १९८३ साली त्यांनी पहिल्यांदा स्वतःची नवी कोरी गाडी घेतली. सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पोती मिरजेच्या मालधक्क्यावर पोचवायची, येताना मिळेल तो माल भरून आणायचा, असा धंदा. गाडी दाखवणारा विक्रेत्याचा माणूस बोलायला मोठा गोड होता. "चाचा, दोन वर्षं इंजिन खोलायचं नाव काढू नका. काही झालंच तर कंपनी बसलीय की!" अब्बांनी त्याच्याशी हात मिळवला. आमच्या घरात हात मिळवला की व्यवहार पुरा झाला.

साडेचार महिन्यांत इंजिन सीज झालं. मी तेव्हा सातवीत होतो. अब्बा मराठी अस्खलित बोलायचे, पण वाचता यायचं ते फक्त उर्दू. म्हणून मला बरोबर घेऊन ते शोरूमवर गेले. टेबलामागच्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लिहून दिलं होतं का?"

अब्बा म्हणाले, "तुमारा आदमी जबान दिया था ना साब."

"ते खरं हो चाचा. पण लिहून दिलं होतं का?"

साहेब चिडले नाहीत, हसले नाहीत. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. व्याजाच्या पैशाला हात लावणार नाही म्हणणारे अब्बा त्या महिन्यात पहिल्यांदा सावकाराच्या पायरीवर गेले. पुढं दोन वर्षांनी टेम्पो विकला आणि ते परत दुसऱ्याच्या गाडीवर बसले ते अखेरपर्यंत.

मी वकील नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण त्या साहेबांचा प्रश्न चाळीस वर्षं माझ्या डोक्यातून गेला नाही. मराठीत आपण 'शब्द देतो', 'शब्दाला जागतो', 'शब्द फिरवतो'. मग गाडी बनवणाऱ्या कंपनीनं दिलेला शब्द, तोंडी दिलेला, जाहिरातीत छापलेला, माहितीपत्रकात मिरवलेला, पण सही-शिक्क्याच्या करारात नसलेला, असा शब्द कायद्याच्या दारात काही मोलाचा आहे की नाही? या भाषणाच्या निमित्तानं जुने खटले वाचायला घेतले आणि त्यात एका फुटक्या काचेपाशी येऊन थांबलो. पण काचेपर्यंत जायला थोडं मागून यावं लागेल.

१६०३ सालची इंग्लंडमधली गोष्ट. एका सोनारानं गिऱ्हाइकाला शंभर पौंडांना एक खडा विकला. हा 'बेझोअर' आहे, असं सांगून विकला. बेझोअर म्हणजे बकरीसारख्या जनावराच्या पोटात तयार होणारा खडा. तो विषावर उतारा समजला जायचा. मूळ शब्द फारसी, पादजहर, म्हणजे जहराचं निवारण करणारा. घेणाऱ्याला नंतर कळलं की आपण घेतला तो बेझोअर नव्हेच. तो कोर्टात गेला आणि हरला. कोर्टाचं म्हणणं असं की, 'हा बेझोअर आहे' असं सोनार नुसतं बोलला. 'मी याची हमी देतो' असं कुठं म्हणाला? नुसतं सांगणं वेगळं, हमी वेगळी. मला हा निकाल वाचताना शोरूमवरच्या साहेबांचीच आठवण झाली. साहेबांचे पूर्वज फार जुने निघाले.

या निकालामागं एक तत्त्व होतं आणि ते बाजारात आजही ऐकू येतं: घेणाऱ्यानं पारखून घ्यावं. गावच्या बाजारात बैल घेताना ते ठीकच आहे. दात बघा, खांदा बघा, चालवून बघा. विकणारा आणि घेणारा दोघंही शेतकरी, दोघांनाही बैल कळतो. पण वस्तू जसजशी यंत्रानं, लांबच्या कारखान्यात तयार व्हायला लागली, तसतसं पारखण्याचं सामर्थ्य घेणाऱ्याच्या हातून गेलं. तत्त्व मात्र तिथंच राहिलं.

त्यात आणखी एक भिंत उभी राहिली. १८४२ साली इंग्लंडमध्येच टपालाच्या घोडागाडीचा खटला झाला. गाडी मोडली, हाकणारा खाली पडून कायमचा लंगडा झाला. गाडी पुरवण्याचा आणि सुस्थितीत ठेवण्याचा करार ज्यानं केला होता, त्याच्यावर त्यानं दावा लावला. न्यायाधीश म्हणाले, करार पोस्टमास्टर जनरलशी झाला होता, तुझ्याशी नाही. करार ज्या दोघांत झाला त्या दोघांपुरताच. तिसऱ्यानं बोलायचं कारण नाही. असल्या दाव्यांना दार उघडलं तर त्याला अंतच राहणार नाही, अशी भीती त्यांनी घातली. घोडागाडीसाठी बांधलेली ही भिंत पुढं मोटारगाडीच्या कामी आली. मोटार बनवणारी कंपनी गाडी विक्रेत्याला विकते, विक्रेता ग्राहकाला. ग्राहकाचा आणि कंपनीचा करार मुळी झालेलाच नसतो. कंपनीनं जाहिरातीत आकाश खाली आणण्याचं वचन दिलं तरी कागदोपत्री ती तुमची कुणीच लागत नाही.

जाहिरातीला वचन मानण्याची पहिली मोठी घटना मोटारीची नव्हे, औषधाची आहे. लंडनची एक कंपनी १८९१ मध्ये नाकात धूर सोडणारा एक गोळा विकत होती. सांगितल्याप्रमाणं वापरूनही कुणाला इन्फ्लुएंझा झाला तर शंभर पौंड देऊ, आमची नियत दिसावी म्हणून हजार पौंड बँकेत ठेवले आहेत, असं वर्तमानपत्रात छापलं. एका बाईंनी जवळजवळ दोन महिने रोज तीन वेळा गोळा वापरला आणि त्यांना इन्फ्लुएंझा झाला. कंपनी म्हणाली, ती नुसती जाहिरातबाजी होती, जगातल्या सगळ्यांशी कुणी करार करतं का? वरिष्ठ न्यायालयानं सांगितलं, करतं. हजार पौंड बँकेत ठेवल्याचं छापता, मग थट्टा होती असं कसं म्हणता? बाईंना शंभर पौंड मिळाले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही पहिल्या वर्षी शिकवतात.

मोटार कंपन्यांच्या इतिहासात शब्द पाळल्याचीही एक मोठी गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाणं अन्याय होईल. १९१४ च्या उन्हाळ्यात हेन्री फोर्डच्या कंपनीनं जाहीर केलं की, १ ऑगस्ट १९१४ पासूनच्या वर्षभरात आमच्या ३ लाख गाड्या खपल्या, तर त्या वर्षी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला ४० ते ६० डॉलर परत देऊ. गाडीची किंमत तेव्हा पाचशे डॉलरच्या आसपास. गिऱ्हाइकाच्या सहीचा कुठला करार नाही, नुसती घोषणा. वर्ष संपलं तेव्हा ३ लाख ८ हजारांवर गाड्या खपल्या होत्या. फोर्डनं प्रत्येकी ५० डॉलरचे चेक पाठवले. दीड कोटी डॉलरहून अधिक रक्कम झाली. कुणाला कोर्टात जावं लागलं नाही. न पाठवते तर? धुराच्या गोळ्याचा न्याय लावला असता तर माझ्या मते फोर्डची सुटका नव्हती. 'गाडी घ्या' ही अट लोकांनी पुरी केली होती.

पण हीच कंपनी पंधरा-सोळा वर्षांनी एका वेगळ्या शब्दासाठी कोर्टात उभी राहिली.

त्या काळी मोटारीची पुढची काच साध्या काचेची असायची. खडा लागला, टक्कर झाली की तिचे सुऱ्यांसारखे तुकडे व्हायचे आणि आत बसलेल्यांच्या तोंडावर यायचे. यावर तोडगा निघाला होता: दोन काचांच्या मध्ये सेल्युलॉइडचा पातळ पापुद्रा घालून त्या चिकटवायच्या. काच तडकली तरी तुकडे पापुद्र्याला धरून राहतात. १९२७ च्या डिसेंबरात फोर्डनं 'मॉडेल ए' गाडी बाजारात आणली, तेव्हा स्वस्त गाडीतही ही सुरक्षित काच देतो, याचा तिनं गाजावाजा केला. विक्रेत्यांना वाटायला दिलेल्या माहितीपत्रकात म्हटलं होतं की, ही काच कितीही जोराचा आघात झाला तरी उडणार नाही, तुकडे होणार नाही. अपघातातल्या बहुतेक इजा काच उडाल्यानं होतात आणि हा धोका आम्ही संपवला आहे. शेवटी हेही होतं की, गाडी घेताना प्रत्येकानं ही गोष्ट पाहावी, घरात बायका-मुलं असतील तर विशेष करून.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन राज्य आहे. तिथल्या बॅक्स्टर नावाच्या गृहस्थानं १९३० च्या मे महिन्यात फोर्डच्या एका विक्रेत्याकडून मॉडेल ए घेतली. ऑक्टोबरात ते कॅस्केड पर्वतातल्या स्नोक्वाल्मी घाटातून चालले होते. शेजारून गेलेल्या गाडीच्या चाकाखालून एक खडा उडाला आणि समोरच्या काचेवर बसला. काच फुटली. बारीक तुकडे डोळ्यांत गेले. डावा डोळा गेला. उजव्यालाही इजा झाल्याचं त्यांचं म्हणणं होतं. 'कितीही जोराचा आघात' असं पत्रकात छापलेलं, आणि आघात कसला, तर रस्त्यावरच्या खड्याचा.

बॅक्स्टर यांनी विक्रेता आणि फोर्ड कंपनी या दोघांवर दावा लावला. खालच्या कोर्टात ते माहितीपत्रक पुरावा म्हणून दाखवायला उभे राहिले, तर न्यायाधीशांनी ते पुराव्यात घ्यायलाच नकार दिला. ज्यूरीपुढं प्रश्न न जाताच निकाल विक्रेत्याच्या आणि कंपनीच्या बाजूनं लागला. विक्रेत्याच्या मागणीपत्रावर छापलेलं होतं की, आम्ही स्पष्ट वा गर्भित कुठलीही हमी देत नाही. आणि बॅक्स्टर यांची त्यावर सही होती. फोर्डचं उत्तर तर त्याहून सोपं होतं: आमचा यांच्याशी करारच नाही. म्हणजे विक्रेत्याला कागदानं वाचवलं आणि कंपनीला कागद नसल्यानं वाचवलं. डोळा गेलेला माणूस मधल्यामध्ये.

१९३२ साली वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं यावर जो निकाल दिला, तो मी दोनदा वाचला. विक्रेत्याला न्यायालयानं सोडलं, कारण मी हमी देत नाही हे त्यानं सांगितलेलं होतं. फोर्डला मात्र सोडलं नाही. न्यायालयाचा विचार मोठा सरळ आहे. काच फुटणारी आहे की न फुटणारी, हे साध्या माणसाला नुसतं बघून कळणार नाही. कळायला ती फोडूनच बघावी लागेल. तेव्हा बनवणाऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्याचा त्याला हक्क आहे. 'घेणाऱ्यानं पारखून घ्यावं' हा नियम ज्या काळात झाला तो काळ राहिलेला नाही. आता मालाला मागणी तयार केली जाते ती छापील मजकुरानं, रस्त्याकडेच्या फलकांनी आणि रेडिओनं. अशा साधनांनी बनवणाऱ्यानं आपल्या मालात नसलेले गुण लोकांना सांगायचे, त्यावर माल खपवायचा आणि नुकसान झाल्यावर 'आमचा तुमचा करार नाही' म्हणायचं, हे न्यायाला धरून नाही.

मित्रहो, रेडिओचं नाव त्या निकालात आहे, याचं मला विशेष वाटलं. १९३२ म्हणजे रेडिओ तिथल्या घराघरात जाऊन पुरती दहा वर्षंही झाली नव्हती. हवेतून येणारा आवाज माणसाला गाडी घ्यायला लावू शकतो आणि म्हणून त्या आवाजाला जबाबदारी आहे, हे न्यायाधीशांच्या तेव्हाच ध्यानात आलं होतं. त्याच माध्यमातून आज मी बोलतोय. मीही जरा जपून बोललेलं बरं.

खटला परत खाली गेला. या वेळी माहितीपत्रक ज्यूरीपुढं आलं आणि ज्यूरीनं बॅक्स्टर यांच्या बाजूनं कौल दिला. फोर्ड पुन्हा अपिलात गेली. तिचा नवा मुद्दा असा: याहून चांगली काच कुणीच बनवत नव्हतं. मुद्दा ऐकायला बरा वाटतो. आम्ही जगातलं उत्तम दिलं, आणखी काय करायचं? १९३४ मध्ये न्यायालयानं तोही बाजूला ठेवला. सर्वांत चांगली काच होती की नव्हती हा प्रश्नच नाही. तुम्ही सांगितलं होतं, फुटून उडणार नाही. ती उडाली. सांगताना तुम्हाला ते खरंच वाटत होतं, हेही उत्तर होऊ शकत नाही.

इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. आपण रोजच्या जगण्यात खोटं बोलणं आणि चुकून खोटं ठरणं यांत फरक करतो आणि तो करावाच. नियत साफ असेल तर माणसाला माफी असते. पण इथं न्यायालय कंपनीची नियत तपासायला बसलेलंच नाही. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यापैकी वस्तू आतून कुणाला माहीत आहे? बोलणाऱ्याला. बोलण्यातून कमाई कुणाची होते? त्याचीच. मग बोलणं खोटं ठरल्यावर त्याचा भार, घाटातून चाललेल्या माणसानं का उचलायचा? १६०३ च्या सोनाराला 'नुसतं बोललो' म्हणून सुटता आलं. तीनशे एकतीस वर्षांनी फोर्डला ते जमलं नाही.

हा एका राज्याचा निकाल होता. सगळी अमेरिका एका रात्रीत बदलली नाही. पण तो वाचला गेला, उद्धृत होत राहिला, आणि १९६५ मध्ये अमेरिकी कायदेपंडितांच्या संस्थेनं नुकसानभरपाईच्या कायद्याची जी सूत्रं प्रसिद्ध केली, त्यात त्याचं सार आलं. विक्रेत्यानं लोकांना मालाविषयी महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली आणि तिच्यावर विसंबलेल्याला इजा झाली, तर करार नसला तरी आणि फसवण्याचा हेतू नसला तरी तो जबाबदार.

मधल्या काळात कंपन्या गप्प बसल्या होत्या असं नाही. त्यांनी नवी युक्ती काढली, लिहून देण्याची. १९५५ साली न्यू जर्सीत एका गृहस्थानं 'मदर्स डे'ची भेट म्हणून पत्नीसाठी प्लिमथ गाडी घेतली. घेतल्यापासून दहा-बारा दिवसांत चालवता चालवता स्टिअरिंग हातातून फिरलं आणि गाडी भिंतीवर गेली. गाडी अजून पाचशे मैलही चालली नव्हती. त्यांच्याकडे लेखी हमी होती! मागणीपत्राच्या पाठीमागं, डोळ्यांना ताण पडेल अशा बारीक अक्षरात. तिचा अर्थ इतकाच: ९० दिवस किंवा ४,००० मैलांपर्यंत सदोष सुटा भाग आमच्या कारखान्यात पाठवला तर बदलून देऊ, आणि याखेरीज कसलीही, कुठलीही हमी आम्ही देत नाही. मोटार उत्पादकांच्या संघटनेनं हाच मजकूर ठरवून दिलेला. त्यामुळं दुसऱ्या कंपनीकडे जावं तर तिथंही तोच कागद. जाहिरातीत मोठ्या अक्षरात जे दिलं ते पाठीमागच्या बारीक अक्षरात काढून घेतलं. १९६० मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या बारीक अक्षरांना मान तुकवायचं नाकारलं. ग्राहकाला घासाघीस करायला जागाच नसेल, तर त्या सहीला संमती म्हणता येणार नाही, असं सांगून कंपनी आणि विक्रेता दोघांनाही जबाबदार धरलं. तेव्हा शोरूमवरच्या साहेबांचा प्रश्नही वाटतो तितका निष्पाप नव्हता. लिहून देणारेही काय लिहून देतात, ते पाहावं लागतं. असाच एक कागद आमच्या घरातही होता. त्याच्याकडे शेवटी येतो.

आता कुणी म्हणेल, मग काय, विकणाऱ्यानं तोंडच उघडायचं नाही? तसं नाही. कायदा एक गोष्ट सोडून देतो, ती म्हणजे बढाई. 'रस्त्याची राणी', 'गाड्यांचा राजा', 'अशी गाडी होणे नाही' या बोलांवर कुणी दावा लावू शकत नाही. हे ऐकून कुणी पैसे मोजत नाही, आणि मोजले तर त्याचा तो जाणे. कवी म्हणून मला ही सवलत फार प्रिय आहे. चंद्र आणून देतो म्हणणाऱ्या कवीला आजवर कुणी ग्राहक मंचात खेचलेलं नाही. पण 'आघात झाला तरी फुटणार नाही' ही उपमा नव्हे. 'दोन वर्षं इंजिन खोलावं लागणार नाही' हीसुद्धा नव्हे. जे खरं-खोटं करून बघता येतं, ज्यात आकडा आहे, मुदत आहे, ज्याच्यावर माणूस आपल्या खिशाचा आणि जिवाचा हिशेब मांडतो, ते बढाईत बसत नाही. फोक्सवॅगननं अमेरिकेत वर्षानुवर्षं 'स्वच्छ डिझेल' म्हणून गाड्या विकल्या. २०१५ मध्ये उघड झालं की चाचणी चालू असली की धूर कमी करायचा आणि रस्त्यावर सोडून द्यायचा, असं सॉफ्टवेअर त्यात बसवलेलं होतं. 'स्वच्छ' हा शब्द तसा सैल. तरीही तिथल्या व्यापार आयोगानं त्या जाहिरातींवरच खटला भरला, आणि २०१६ च्या तडजोडीत कंपनीला लाखो गाड्या परत घ्यायची तयारी दाखवावी लागली.

आपल्याकडं काय? योगायोग बघा, बॅक्स्टर यांनी गाडी घेतली त्याच १९३० सालच्या जुलैत आपल्याकडं माल विक्रीचा कायदा लागू झाला. तो इंग्रजी कायद्याच्या वळणाचा, घेणाऱ्यानं पारखून घ्यावं हे तत्त्व मानून त्याला अपवाद सांगणारा. दिवाणी कोर्टात त्याच्या आधारानं दाद मागता येत होती. पण टेम्पोवाल्यानं दिवाणी दावा लावायचा म्हणजे वकील, कोर्ट फी आणि दहा वर्षं. १९८६ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा आला. त्यात अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या करताना कायद्यानं शब्द वापरले ते असे की, विधान तोंडी असो, लेखी असो वा दृश्य स्वरूपात असो. तोंडी! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटवून बाहेर फिरून आलो. पुरेशी चाचणी न करता मालाच्या टिकाऊपणाची हमी लोकांना देणं, हेही त्याच व्याख्येत होतं. अब्बांचं इंजिन १९८३ मध्ये सीज झालं होतं. तीन वर्षांनी चुकामूक झाली.

२०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात, जो २०२० च्या जुलैत लागू झाला, याहून पुढची गोष्ट आहे. मालाविषयी केलेलं महत्त्वाचं विधान, दिलेलं वचन वा केलेलं वर्णन म्हणजे स्पष्ट हमी, आणि माल त्या हमीप्रमाणं नसेल तर बनवणारा जबाबदार. हमी देताना माझा निष्काळजीपणा नव्हता, लबाडी नव्हती, असं त्यानं सिद्ध केलं तरीसुद्धा. वॉशिंग्टनच्या न्यायालयानं १९३४ मध्ये काचेबद्दल जे म्हटलं, ते आपल्या कायद्यात कलम होऊन आलं.

निकालही येतात. केरळातल्या त्रिशूरच्या ग्राहक आयोगानं २०२२ मध्ये एका बाईंच्या तक्रारीवर फोर्डच्याच भारतीय कंपनीला आणि विक्रेत्याला भरपाई द्यायला लावली. गाडी लिटरला ३२ किलोमीटर धावेल असं सांगितलं होतं. तज्ज्ञांनी चालवून बघितली तर वीसही भरले नाहीत. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात ह्युंदाईचा एअरबॅगचा खटला होता. अपघातात एअरबॅग उघडल्या नव्हत्या. कंपनीचा युक्तिवाद की, त्या उघडण्याइतका समोरून जोर बसला नव्हता. न्यायालय म्हणालं, एअरबॅग बघून गाडी घेणारा ग्राहक काही वेग आणि बल यांचं गणित मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ नसतो.

आणि एक निकाल उलट बाजूचा, आपल्या शेजारच्या गोव्यातला. एका ग्राहकानं २०११ चं मॉडेल म्हणून पैसे भरले आणि त्याच्या पदरात २००९ ची गाडी पडली. खालच्या मंचांनी विक्रेत्याबरोबर टाटा मोटर्सलाही जबाबदार धरलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला मोकळं केलं. विक्रेत्यानं काय सांगितलं ते कंपनीला ठाऊक होतं असा पुरावा नव्हता, आणि दोघांचा व्यवहार आपापल्या जबाबदारीवरचा होता. पहिल्या वाचनात मला हा निकाल खटकला. पण बॅक्स्टरचा निकाल शेजारी ठेवून पाहिला तेव्हा लक्षात आलं की, तिथं विक्रेता सुटला होता, कारण पत्रकातला शब्द कंपनीचा होता. इथं कंपनी सुटली, कारण शब्द विक्रेत्याचा होता. शब्द ज्याच्या तोंडचा, ओझं त्याच्या डोक्यावर. ग्राहकाची पंचाईत एवढीच की, शोरूममध्ये बसलेल्या माणसाचं तोंड नेमकं कुणाचं, हे त्याला समजत नाही. अब्बांना तो कंपनीचाच माणूस वाटला होता. त्याच्या शर्टावर कंपनीचं नाव होतं.

म्हणजे कायद्याच्या बाजूनं तोंडी शब्दाला आज मज्जाव नाही. अडचण पुराव्याची आहे. जाहिरात, माहितीपत्रक, मोबाइलवरचा संदेश जपून ठेवला तर मागं वळून दाखवता येतो. गोड आवाज हवेत विरून जातो.

तो कागद सांगायचा राहिला. अब्बा गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी मी उघडली. परमिट, लायसन, माझ्या पहिल्या छापून आलेल्या कवितेचं कात्रण, आणि तळाशी त्या टेम्पोचं मागणीपत्र. मागच्या बाजूला इंग्रजीत बारीक टाइपात बारा अटी होत्या. सातवी अशी की, विक्री प्रतिनिधीनं तोंडी दिलेलं कोणतंही आश्वासन बंधनकारक राहणार नाही. खाली अब्बांची उर्दूतली सही. त्यांना ती अट वाचता येणं शक्य नव्हतं, आणि ज्या पोराला आली असती त्याला कुणी विचारलं नव्हतं.

कागद परत ठेवताना समासाकडं लक्ष गेलं. पेन्सिलीनं, उजवीकडून डावीकडं, अब्बांच्या अक्षरात एक ओळ लिहिलेली होती. तारीख, त्या माणसाचं नाव, आणि पुढं: दो साल इंजिन खोलना नई, बोल्या.